मोज्याची टाच

उन्हाळ्याची सुट्टी आणि हातकाम यांचे नाते आपल्या घरांतून जुने आहे. वैशाखातल्या दुपारी पोखर्णीसारख्या गावात रस्ते ओस पडतात. रबीचे धान्य घरात आलेले असते, पेरणीला अवकाश असतो आणि परीक्षाही आटोपलेल्या असतात. नृसिंह जयंतीच्या पाहुण्यांची वर्दळ ओसरली की ओसरीवर बसलेल्या आया-बहिणींच्या हातांत काही ना काही दिसू लागते. कोणी जुन्या लुगड्यांची वाकळ शिवते, कोणी क्रोशाचे तोरण करते, कोणी बाळाची कुंची बेतते. सुट्टीच्या दीड-दोन महिन्यांत यातल्या बऱ्याच गोष्टी शिकून होतात. मागे राहतो तो चार सुयांवरचा मोजा. ‘ते फार अवघड,’ असे म्हणून तो पुढच्या सुट्टीवर ढकलला जातो. वास्तविक मोज्यात अवघड अशी एकच जागा आहे, आणि ती म्हणजे टाच. ती समजली की मोजा समजला.

पारा चाळिशी ओलांडत असताना लोकरीचे मोजे कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु याच परभणी जिल्ह्यात हिवाळ्यात पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. शिवाय आपल्याकडे लोकरीचा मोजा मुख्यतः असतो तो तान्ह्या बाळाचा. बाळंतविड्यात झबले, टोपडे, दुपटे, कुंची यांच्या जोडीला स्वेटर, टोपी आणि मोजे ठेवण्याची रीत पडली आहे. पौषात जन्मणाऱ्या बाळाची तयारी वैशाखात सुरू केली, तर त्यात नवल काय!

मोजा समजून घेण्यासाठी आधी ‘विणणे’ हा शब्द नीट पाहिला पाहिजे. आपण घोंगडी विणतो, बाज विणतो, टोपली विणतो आणि स्वेटरही विणतो. मराठीला या साऱ्यांसाठी एकच शब्द पुरतो. पण क्रिया मात्र एक नव्हे. घोंगडी मागावर होते. तिच्यात उभे धागे ताणलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्या खालून-वरून जातो. स्वेटरात किंवा मोज्यात माग नसतो, ताणाही नसतो. एकाच धाग्याचा एक फास दुसऱ्या फासातून ओढून काढायचा, एवढीच युक्ती. हे फास म्हणजेच टाके. ओढले की फासाचा आकार बदलतो आणि सोडले की तो बराचसा पूर्ववत होतो. म्हणून असे कापड ताणले जाते व पुन्हा आवळते. घोंगडीचा मोजा पायावर बसणार नाही, सुईवरचा बसतो, याचे कारण हेच.

सुईवरचे हे विणकाम मागाच्या मानाने बरेच अलीकडचे. इजिप्तमध्ये चौथ्या-पाचव्या शतकांच्या सुमाराचे, अंगठा वेगळा असलेले लोकरीचे मोजे सापडले आहेत. पण ते एकाच सुईने, वेगळ्या पद्धतीने केलेले आहेत. दोन किंवा अधिक सुयांवरच्या खऱ्या विणकामाचे जे सर्वांत जुने नमुने ज्ञात आहेत, तेही इजिप्तचेच, सुमारे अकराव्या ते चौदाव्या शतकांतले. विशेष म्हणजे त्यांतले कित्येक लोकरीचे नसून सुताचे आहेत आणि त्यांवर निळीची नक्षी आहे. कापसाच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला ही गोष्ट जवळची वाटावी. पुढे 1589 साली विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. तरी हाताचा मोजा संपला नाही. आपल्या देशात 1962 साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा गावोगावच्या स्त्रियांनी सीमेवरील जवानांसाठी लोकरीचे कपडे विणून पाठवले होते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सहा महिन्यांच्या आसपासच्या बाळासाठी बारीक लोकर आणि बारा नंबरच्या, दोन्हीकडे टोक असलेल्या चार सुया घ्याव्या. (आपल्या बाजारात सुईचा नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक.) एकूण 36 टाके घालून ते तीन सुयांवर बारा-बारा वाटावे व चौथ्या सुईने गोल विणत जावे. पहिल्या बारा फेऱ्या एक सुलट, एक उलट अशा घ्याव्या. त्यामुळे काठ पायाला धरून राहतो. मग दहा फेऱ्या साध्या सुलट. येथवर तयार होते ती सरळ नळी. पण पाय काही सरळ नाही, तो घोट्याखाली काटकोनात वळतो. नळीला हे वळण द्यायचे कसे, हाच खरा प्रश्न आहे.

त्यासाठी निम्मे, म्हणजे 18 टाके तसेच थांबवून ठेवावे आणि उरलेल्या 18 टाक्यांवर मागे-पुढे 14 ओळी विणाव्या. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घ्यावा. हा झाला टाचेमागचा पडदा. आता त्याची वाटी करायची. दहा टाके सुलट विणा, पुढचे दोन एकत्र विणा, आणखी एक विणा आणि ओळ अर्धवट सोडून काम फिरवा. पहिला टाका उचला, तीन उलट, दोन एकत्र उलट, एक उलट, पुन्हा फिरवा. यापुढे दर ओळीत मधला भाग एकेका टाक्याने वाढवत, मागे राहिलेल्या फटीच्या दोन्ही बाजूंचे टाके एकत्र करत जावे. शेवटच्या दोन ओळींत एकत्र केल्यावर विणायला टाका उरत नाही. बाजूचे सगळे टाके संपले की 18 पैकी 10 उरतात, आणि सपाट पडद्याला वाटीसारखा खोलगट आकार आलेला दिसतो. कातर नाही, शिवण नाही. केवळ अर्धवट सोडलेल्या ओळींनी कापड वळले!

मग पडद्याच्या दोन्ही कडांवरून सात-सात टाके उचलावे. थांबवलेले 18 धरून ते 42 होतात. पुन्हा गोल विणताना एक फेरी सोडून दोन्ही बाजूंना एकेक टाका कमी केला, की तीन वेळांत 36 वर येतात. तळव्याची लांबी भरली की बोटांकडे एका फेरीआड चार-चार टाके कमी करत 12 वर यावे आणि ते सहा-सहा टाके सुईदोऱ्याने, जणू आणखी एक ओळ विणली आहे अशा रीतीने, जोडून टाकावे. इंग्रजीत या जोडाला किचनरचे नाव आहे. हा किचनर म्हणजे 1902 ते 1909 या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती असलेला लॉर्ड किचनर. सैनिकांच्या बोटांना शिवण काचू नये म्हणून ही पद्धत पुढे आली, असे सांगतात.

काचण्याचा हा मुद्दा बाळाच्या बाबतीत फारच महत्त्वाचा आहे. दोन सुयांवर विणून तळव्याखाली शिवलेला मोजा लवकर होतो, पण शिवणीची गाठ कोवळ्या कातडीला टोचते आणि बाळाला ते सांगता येत नाही. त्याहून धोक्याचा असतो आतला सुटा धागा. तो बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला गेला तर रक्त अडून बोट सुजते. म्हणून मोजा उलटा करून प्रत्येक टोक आत ओवून घ्यावे. मोजा घालतानाही दर वेळी आत बोट फिरवून पाहावे. आणखी एक गोष्ट. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळते ती पुष्कळदा मेंढीची नसते. अ‍ॅक्रिलिक नावाचा कृत्रिम धागा असतो. तो धुवायला सोपा, पण घाम शोषत नाही आणि विस्तवाजवळ वितळून कातडीला चिकटतो. ज्या घरात बाळ-बाळंतिणीला शेगडीचा शेक देतात, तेथे असा मोजा शेकाच्या वेळी काढून ठेवावा.

यंत्रावरचे मोजे आज स्वस्त मिळतात, हे खरेच आहे. हाताच्या मोज्याला त्यांच्याशी स्पर्धा करायची नाही. परंतु बाजारातला मोजा आतून उलटून पाहण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही. ज्याने स्वतः एकदा टाच वळवली आहे, त्याला ते सुचते. आणि हे ज्ञान केवळ मुलींनीच घ्यावे असेही काही नाही. मोजणे, वाटणे, थांबणे आणि वळणे एवढेच त्यात आहे. चार सुया, एक गुंडा आणि सुट्टीतल्या काही दुपारी त्याला पुरतात.