बेसबॉलमधील हौशी युवा पिचरची पारख : मोजमाप आणि अनुमान

प्रस्तावना

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण खेळाडूंच्या निवडीसंदर्भात नेहमी वापरली जाते. अमेरिकेतील बेसबॉलचा अनुभव मात्र या म्हणीला फारसा अनुकूल नाही. तेथील व्यावसायिक संघ १९६५ पासून दरवर्षी शालेय व महाविद्यालयीन खेळाडूंची क्रमवारीने निवड करतात. या प्रक्रियेस 'ड्राफ्ट' असे म्हणतात. १९६५ ते २०२५ या काळात शाळेतून थेट आलेला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, पहिल्या क्रमांकावर केवळ तीन वेळा निवडला गेला : १९७३ मध्ये डेव्हिड क्लाइड, १९९१ मध्ये ब्रायन टेलर आणि २०१४ मध्ये ब्रेडी एकेन. अठरा वर्षांचा क्लाइड शाळा संपल्यावर काही आठवड्यांतच सर्वोच्च स्तरावर उतरविला गेला आणि त्याची कारकीर्द १८ विजय व ३३ पराभव यांवर संपली. टेलर आणि एकेन त्या स्तरापर्यंत पोहोचलेच नाहीत. हे तिघेही अनेक अनुभवी जाणकारांनी वारंवार पाहून निवडलेले होते. म्हणूनच ही पारख नेमकी कशाची केली जाते, हा प्रश्न विचारात घेणे आवश्यक ठरते.

पिचरची क्रिया

क्रिकेटशी परिचित असलेल्या वाचकाने येथे एक भेद लक्षात घ्यावयास हवा. वेगवान गोलंदाज धावत येऊन गती मिळवितो आणि त्याला कोपर सरळ करून चेंडू फेकण्याची मुभा नसते. पिचर दहा इंच उंचीच्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहून साठ फूट सहा इंच, म्हणजे सुमारे १८.४४ मीटर अंतरावर चेंडू फेकतो. धाव नसल्याने सर्व शक्ती पाय, कंबर, धड, खांदा व कोपर या साखळीतूनच निर्माण करावी लागते. खांदा मागे वळून पुढे येण्याच्या क्षणी कोपराच्या आतील बाजूवर येणारा पीळ प्रौढ पिचरमध्ये सुमारे ६४ न्यूटन-मीटर इतका मोजला गेला आहे. मृतदेहांवरील प्रयोगांत तेथील अस्थिबंध याच्या जवळपास निम्म्या भारालाच तुटतो असे दिसून आले. उरलेला भार भोवतालचे स्नायू पेलतात. स्नायू थकले की तो भार कोणावर जातो, हे वेगळे सांगावयास नको. सरावाने स्नायू बळकट होतात. अस्थिबंध त्या प्रमाणात होत नाही. शिवाय शालेय वयात हाडांच्या टोकाकडील वाढीचा भाग पूर्ण भरलेलाही नसतो.

पारखी काय पाहतो

संघाच्या वतीने अशा मुलांचा शोध घेणाऱ्यास 'स्काऊट' म्हणतात. मराठीत त्याला पारखी म्हणणे योग्य होईल. तो सामन्याच्या बराच आधी मैदानावर पोहोचतो, कारण मुलगा सरावाचे चेंडू कसे टाकतो हेही त्याला पाहावयाचे असते. प्रथम तो फलंदाजाच्या मागील जाळीजवळ बसून वेग व चेंडूचे वळण नोंदवितो. नंतर तो मैदानाच्या बाजूला सरकतो. हाताचा मार्ग, पुढचे पाऊल पडताना हात कोठे आहे आणि चेंडू सोडण्याची जागा प्रत्येक वेळी तीच राहते की नाही, या बाबी समोरून नीट कळत नाहीत.

प्रत्येक गुणाला २० ते ८० या श्रेणीत अंक दिला जातो. ५० म्हणजे सर्वोच्च स्तरावरील सरासरी. सरळ वेगवान चेंडू, वळणारे चेंडू, फसवा संथ चेंडू आणि अचूकता यांना स्वतंत्र अंक असतात. महत्त्वाचे असे की, प्रत्येक गुणाचे दोन अंक लिहावे लागतात : एक आजचा, दुसरा भविष्यातील. सतरा वर्षांच्या मुलाचा संथ चेंडू आज ३० आणि पुढे ५५ असे लिहिणारा पारखी वस्तुतः न घडलेल्या गोष्टीची किंमत सांगत असतो. शालेय सामन्यात तर हा चेंडू दिसणेही दुर्मीळ; केवळ वेगाने समोरचे फलंदाज बाद होत असतील, तर मुलगा तो टाकेलच कशाला? अशा वेळी दोन-तीन चेंडूंवरून अनुमान करावे लागते.

भविष्याचा अंक शरीरावरूनही ठरतो. उंच, रुंद खांद्यांचा पण अद्याप सडपातळ मुलगा अंगाने भरला की वेग वाढेल, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक निराधार नाही. पण त्याची दुसरी बाजू अशी की, लहान चणीच्या मुलाकडे दुर्लक्ष होते. ग्रेग मॅडक्स १९८४ मध्ये शाळेतून दुसऱ्या फेरीत निवडला गेला. त्याने पुढे ३५५ सामने जिंकले. नोलन रायन १९६५ च्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये बाराव्या फेरीत, २९५ व्या क्रमांकावर आला. फलंदाज बाद करण्याचा त्याचा ५,७१४ चा विक्रम आजही कायम आहे. विशेष म्हणजे रायनकडे वेगाची मुळीच कमतरता नव्हती.

वेगमापकाचा परिणाम

१९७४ च्या सुमारास डॅनी लिटव्हायलर या महाविद्यालयीन प्रशिक्षकाच्या प्रयत्नांतून रडारवर चालणारा वेगमापक बेसबॉलमध्ये आला. तोपर्यंत वेग हा मतभेदाचा विषय होता. त्यानंतर तो आकडा झाला. अर्थात आकडाही पूर्ण निःसंदिग्ध नसतो. फलंदाजापर्यंत पोहोचताना चेंडूचा वेग सुमारे आठ ते दहा टक्क्यांनी घटतो, त्यामुळे मापन कोठे झाले यावर तो अवलंबून असतो. तरीही शेजारी बसलेल्या दहा पारख्यांना एकच आकडा दिसतो. हाताच्या लयीबाबत मात्र त्यांची दहा मते असू शकतात. ज्यावर एकमत सहज होते त्यालाच बाजारात भाव येतो. एका परीक्षेतील गुणांनी विद्यार्थ्याविषयीचे इतर सर्व निरीक्षण झाकोळून जाणे अध्यापकांना अपरिचित नाही.

मुले आणि पालक हे लवकर ओळखतात. पारख्यांसमोर गुण दाखविण्यासाठी भरविल्या जाणाऱ्या मेळाव्यांत मुलगा थोडेच चेंडू टाकतो, पण प्रत्येक चेंडू सर्व शक्तीनिशी. पूर्वी विश्रांतीचे असलेले महिनेही त्यात जातात. याचे परिणाम अभ्यासले गेले आहेत. शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या ९५ किशोरवयीन पिचरांची ४५ निरोगी पिचरांशी तुलना करणारे संशोधन २००६ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षातून आठ महिन्यांहून अधिक काळ चेंडू टाकणाऱ्यांत शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट, तर हात थकलेला असताना नियमित टाकत राहणाऱ्यांत ती छत्तीसपट आढळली. हा दुसरा आकडा वेगमापकावर कधीच उमटत नाही. थकलेला मुलगाही काही काळ तोच वेग दाखवू शकतो. फक्त त्याचे कोपर खाली येऊ लागते आणि चेंडू उंच जाऊ लागतात.

तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बहुधा मनगटाकडील स्नायुबंध बसविण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी प्रथम टॉमी जॉन या पिचरवर केली. जॉन त्यानंतर १९८९ पर्यंत खेळला. या यशामुळे शस्त्रक्रियेनंतर हात पूर्वीपेक्षा बळकट होतो, असा एक घातक समज पसरला. एकेनची कथा या संदर्भात बोलकी आहे. निवडीनंतरच्या वैद्यकीय तपासणीत त्याच्या कोपराच्या अस्थिबंधाविषयी शंका उपस्थित झाली, करार फिसकटला आणि २०१५ मध्ये त्याला हीच शस्त्रक्रिया करावी लागली. ज्याची शंका मैदानावर कोणास आली नव्हती, ती प्रतिमेत दिसली.

२०१४ मध्ये मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी 'पिच स्मार्ट' ही मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने एका दिवसात १०५ पेक्षा अधिक चेंडू टाकू नयेत आणि वर्षातून किमान चार महिने स्पर्धात्मक सामन्यांत चेंडू टाकू नयेत, असे त्यांत सांगितले आहे. मात्र याच काळात सर्वोच्च स्तरावरील वेगवान चेंडूचा सरासरी वेग २००८ मधील ताशी ९१.३ मैलांवरून २०२४ मध्ये ९४.२ मैलांवर गेला. सरासरी वर सरकली की ५० या अंकासाठी लागणारा वेगही वर सरकतो, आणि शाळकरी मुलाला तेवढाच पल्ला अधिक गाठावा लागतो. पिचरांच्या दुखापतींविषयी मेजर लीगने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातही वेगाचा ध्यास आणि सतत पूर्ण शक्तीने चेंडू टाकण्याची पद्धत हीच प्रमुख कारणे मानली आहेत.

एक भारतीय उदाहरण

केवळ वेग व नेम यांवर केलेल्या निवडीचे शुद्ध उदाहरण योगायोगाने भारतातच सापडते. २००८ मधील 'मिलियन डॉलर आर्म' या दूरचित्रवाणी स्पर्धेतून उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेकपटू पुढे आले. दोघांनीही त्यापूर्वी बेसबॉल खेळलेला नव्हता. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. पटेल २०१० मध्ये मुक्त झाला. सिंग कनिष्ठ स्तरावर चिकाटीने टिकून राहिला आणि उपयुक्त पिचर झाला. वेगमापकाने न मोजलेली शिकण्याची वृत्ती त्याच्याकडे होती. नंतर दुखापतींमुळे त्याचे अनेक हंगाम वाया गेले, आणि २०१८ मध्ये तो व्यावसायिक मनोरंजन-कुस्तीकडे वळला.