पाव इंची नळी, अर्ध्या तोळ्याची गोळी

तोळा म्हणजे किती, असं आज सराफाला विचारलं तर तो दहा ग्रॅम सांगून मोकळा होतो. पेढी जुनी असेल आणि गादीवरचा माणूसही जुना असेल, तर ११.६६ ग्रॅम सांगतो. हा आडनिडा आकडा इंग्रज सरकारचा. त्यांनी १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरवला. बारा मासे म्हणजे तोळा आणि आठ गुंजा म्हणजे मासा, तेव्हा एक गुंज भरते पावणेदोन ग्रेनहून किंचित जास्त. सराफीतून ग्रेन कधीच हद्दपार झाला. बंदुकीच्या धंद्यात मात्र तो अजून ठाण मांडून बसला आहे. हरणाच्या शिकारीसाठी जी ‘पाव इंची’ रायफल वापरतात, तिची गोळी साधारण १०० ते १२० ग्रेनची असते. गुंजांच्या हिशेबात ५३ ते ६४. अर्ध्या तोळ्याहून थोडी जास्त, म्हणजे एक बऱ्यापैकी अंगठी होईल इतकीच.

एवढ्याशा धातूने तीस-पस्तीस किलोचं जनावर जागेवर कसं पडतं, हा प्रश्न वरवर शिकाऱ्याचा वाटतो. खरं तर तो पदार्थविज्ञानाचा आहे.

पाव इंच हे नळीच्या भोकाचं माप. प्रत्यक्ष गोळी ०.२५७ इंचाची, म्हणजे साडेसहा मिलिमीटरच्या आसपास असते. वरचे सात सहस्रांश इंच हवेत म्हणूनच ठेवलेले असतात. नळीच्या आत पिळाचे खाचे कोरलेले असतात, त्यांत गोळीचं अंग रुतावं आणि तिला फिरकी मिळावी, हा त्यामागचा हेतू. या मापाची एक गाजलेली रायफल अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीने १९१५ साली आणली. काडतुसाचा आराखडा चार्ल्स न्यूटनचा होता. कंपनीला जाहिरातीसाठी सेकंदाला ३००० फूट हा गोल आकडा हवा होता. शंभर ग्रेनची गोळी तिथवर पोचेना, म्हणून ८७ ग्रेनची घेतली आणि काडतुसाच्या नावातच ३००० घातलं. वजन ठरवलं ते हरीण बघून नव्हे, जाहिरात बघून! पुढे नेड रॉबर्ट्स यांच्या प्रयोगांतून .२५७ रॉबर्ट्स निघालं आणि रेमिंग्टनने ते १९३४ साली बाजारात आणलं. त्याची पितळी पुंगळी मुळात ७ मिलिमीटर माउजरची, तोंडाशी आवळलेली. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर शिकारी जिम कॉर्बेटना भेट मिळालेली .२७५ रिग्बी याच माउजर पुंगळीवर चालायची. म्हणजे दोघी सख्ख्या बहिणीच.

लातूर-नांदेडच्या वाचकाला या पाव इंचाचं काय? तर ही नळी ज्या बांध्याच्या जनावरासाठी जणू मापून केली आहे, ते इथलंच आहे. काळवीट. मोकळ्या माळावर राहणारं, दुरूनच माणूस हेरणारं, सडपातळ छातीचं, पळायला लागलं की ताशी ७०-८० किलोमीटरने उधळणारं. सोयाबीन नुकतं उगवून आलेलं असताना किंवा हरभऱ्याला कोवळा शेंडा असताना हरणांचा कळप रानात उतरला की काय होतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. जुन्या साड्यांचं कुंपण, बुजगावणं, फटाके, रात्रीची जागल हे सगळं करून झालेलं असतं.

गंमत अशी की याच काळविटाची पाव इंची रायफलीने शिकार करण्याचं शास्त्र आज जिवंत आहे ते टेक्ससमध्ये. तिथल्या एडवर्ड्स पठारावर १९३२ साली काळविटं नेऊन सोडली गेली. ती मानवली, वाढली, आणि आता खासगी रानांत पैसे मोजून त्यांची शिकार होते. पाकिस्तानात काळवीट संपला तेव्हा लाल सुहानरा उद्यानासाठी त्याचं बियाणं टेक्ससमधूनच आणावं लागलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत काळवीट आहे. मारला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद. त्यामुळे पुढचं सगळं वाचायचं ते विज्ञान म्हणून.

सुरुवात जुन्या, वाटोळ्या गोळीपासून करू. नांदेडला तख्त सचखंड हुजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगजींची शस्त्रं जपलेली आहेत. त्यांत तलवारी, ढाल, धनुष्यं आणि बाण आहेत, तशी एक तोड्याची बंदूकही आहे. गुरुजींनी नांदेडला देह ठेवला १७०८ साली. त्या काळच्या बंदुकीत गोळी शिशाची आणि वाटोळी. दारू मापून नळीत ओतायची, वर गोळी, मग गजाने ठासायचं. प्रत्येक बार हाताने भरलेला. आज पाश्चात्त्य शिकारी घरी बसून स्वतःची काडतुसं भरतात आणि त्याला छंद म्हणतात. तोड्याच्या बंदुकीवाल्याला दुसरा इलाजच नव्हता.

वाटोळ्या गोळीचं दुखणं भूमितीतलं आहे. तिचं वजन वाढवायचं तर जाडी वाढवावी लागते, आणि जाडी वाढली की हवेचा अडथळाही वाढतो. लांबट गोळीने ही कोंडी फोडली. तोंड तेवढंच ठेवून मागे लांबी वाढवायची. गोळीचं वजन पौंडांत घेऊन व्यासाच्या वर्गाने भागलं की तिच्या घुसण्याच्या ताकदीचा अंदाज देणारा आकडा मिळतो. पाव इंची १०० ग्रेनला तो ०.२१६ येतो, १२० ग्रेनला ०.२६. त्याहून जाड ०.३०८ इंची, १५० ग्रेनच्या गोळीचा आकडा ०.२२६. म्हणजे दीडपट वजनाच्या गोळीला हलकी गोळी घुसण्यात जवळपास गाठते, आणि खांद्याला धक्का कमी देते.

पण लांब वस्तू हवेत कोलांट्या खाते. भोवरा फिरत असतो तोवरच उभा राहतो, तसंच हे. पाव इंची नळीत बहुधा दर दहा इंचांना एक पीळ असतो. सेकंदाला ३००० फुटांनी निघालेली गोळी अशा नळीतून बाहेर पडताना मिनिटाला २ लाख १६ हजार फेरे घेत असते. सॅव्हेजच्या जुन्या रायफलीत पीळ चौदा इंचांना एक होता. ८७ ग्रेनला तो पुरायचा, लांब गोळी मात्र डगमगायची. जाहिरातीतला तो गोल आकडा असा नळीच्या पोटातही कोरला गेला. वेगाचा फायदा मात्र खरा. २०० मीटरवर अशी गोळी नळीच्या सरळ रेषेखाली वीतभराहून थोडीच जास्त उतरते. माळावर अंतराचा अंदाज दहा-वीस मीटरने चुकला तरी नेम फारसा ढळत नाही.

खरा पेच मात्र शेवटच्या वीतभर अंतरात असतो. गोळीने जनावरात शिरल्यावर काय करायचं?

या प्रश्नाचं एक कुप्रसिद्ध उत्तर भारतातच सापडलं. कोलकात्याजवळच्या दमदम शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी १८९० च्या दशकात .३०३ गोळीच्या टोकावरचं धातूचं आवरण काढून आतलं शिसं उघडं ठेवलं. गोळी अंगात शिरली की टोक फुलायचं आणि जखम मोठी व्हायची. या ‘दमदम’ गोळीवर जर्मनीने आक्षेप घेतला, आणि १८९९ च्या हेग परिषदेने फुलणाऱ्या गोळ्या युद्धातून बाद केल्या. शिकारीत नेमकं उलटं घडलं. तिथे फुलणारी गोळी हीच दयेची समजली जाते. पूर्ण आवरणाची लष्करी गोळी सडपातळ हरणातून सुईसारखी आरपार जाते, आणि जखमी जनावर मैलभर लांब जाऊन तासन्‌तास तडफडतं.

म्हणून निवड अवघड. पाव इंचीत ७५ ते ८७ ग्रेनच्या पातळ आवरणाच्या गोळ्या मिळतात, त्या बारीकसारीक उपद्रवी प्राण्यांसाठी. हरणाच्या खांद्याच्या हाडावर अशी गोळी बसली तर तिथल्या तिथे तिच्या ठिकऱ्या होतात. जखम मोठी दिसते, पण उथळ. जाड आवरणाची १२० ग्रेनची गोळी मोठ्या सांबरासारख्या जनावराला ठीक, काळविटाच्या अंगात मात्र ती फुलण्याआधीच पलीकडून निघून जायची. मधली शंभरची, मऊ टोकाची, म्हणूनच लोकांच्या पसंतीला उतरली. जॉन नोस्लर या अमेरिकन शिकाऱ्याच्या गोळ्या १९४६ साली एका धिप्पाड मूस हरणाच्या अंगावर फुटून वाया गेल्या. त्याने घरी येऊन गोळीच्या मधोमध आवरणाचीच एक आडवी भिंत घातली. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो. ती रचना अजून विकली जाते.

आता वारं शिशाच्या विरोधात आहे. मेलेल्या जनावरातले शिशाचे कण खाऊन गिधाडं विषबाधेने मरतात, म्हणून कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. तिथल्या काँडोर गिधाडांची संख्या १९८२ मध्ये अवघ्या २२ वर आली होती. उत्तर म्हणून आलेली गोळी निव्वळ तांब्याची असते. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४. तेवढ्याच वजनासाठी तांब्याची गोळी लांब होते, आणि लांब झाली की पुन्हा पिळाचा प्रश्न आ वासून उभा. शंभरच्या जागी ऐंशी ग्रेनची घेऊन लोक तो सोडवतात.

घरी काडतूस भरणाऱ्याचा हात सराफासारखा असावा लागतो. पुंगळी, बुडाशी ठिणगी देणारी टोपी, दारू आणि गोळी, असे चारच घटक. पण .२५-०६ सारख्या पाव इंची काडतुसात आतला दाब दर चौरस इंचाला ६३ हजार पौंडांपर्यंत जातो. मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ दोन हजार पट. एखाद्या ग्रेनची चूकही महागात पडू शकते. त्यात मराठवाड्याचा मे महिना. दारू तापली की झपाट्याने जळते आणि दाब वाढतो. कॉर्डाइट या जुन्या दारूच्या काळात इंग्लंडचे कारखानदार हिंदुस्थानसाठी मुद्दाम कमी दारूची ‘उष्ण कटिबंधी’ काडतुसं भरत. तिथल्या गारठ्यासाठी भरलेलं काडतूस इथल्या त्रेचाळीस अंशांत चालवलं, तर पुंगळी नळीतच घट्ट बसून खटका उघडेनासा व्हायचा. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. त्याच कायद्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख मात्र आहे.

इथल्या परवानाधारकाच्या घरी रायफल असलीच, तर ती पाव इंची क्वचितच. ती असते .३१५, इशापूरच्या कारखान्यातली. लष्कराचं .३०३ माप सामान्यांना बंद होतं, म्हणून हे वेगळं माप पुढे आलं. काडतूस पुण्याजवळच्या खडकीचं, बुडावर ‘केएफ’ अशी अक्षरं ठोकलेलं. शिकार बंद होऊन पन्नास वर्षं उलटली, आणि हरभऱ्यातल्या हरणावर तिचा काही उपयोग नाही. वर्षानुवर्षं ती कपाटात तेल पिऊन असते. निवडणुकीची आचारसंहिता लागली, की कापडात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा होते आणि निकालानंतर सही करून परत घरी येते.