लवंगेच्या तेलाची बाटली जपून!

रात्री दहाला दाढ ठणकू लागली, दवाखाने बंद, की आठवण होते ती फडताळातल्या लवंगेच्या तेलाची. बोळा दाढेत धरला की थोड्या वेळात ठणका उतरतो. ही किमया युजेनॉल या द्रव्याची. लवंगेच्या तेलात ते साधारण ७० ते ९० टक्के असते. ते नस बधिर करते, शिवाय काही जंतूही मारते. दातांच्या दवाखान्यात तो ठरावीक वास येतो ना, तो याचाच. झिंक ऑक्साइडच्या पुडीत हेच कालवून दात तात्पुरता भरतात. कीड मात्र तेलाने जात नाही. ठणका थांबला म्हणून दवाखाना टाळू नये.

"मसाल्याचीच तर वस्तू, ती काय बाधणार?" असे पुष्कळजणी म्हणतात. अहो, पातेलेभर मसालेभातात लवंगा पडतात चार! लवंगेत तेल असते जेमतेम १५ ते २० टक्के. म्हणजे चमचाभर तेलात दोनशेहून अधिक लवंगांचा अर्क. तेच निव्वळ तेल हिरडीला लागले तर ती भाजल्यासारखी होते. म्हणून अर्धा चमचा गोडेतेलात एकच थेंब घालावा, त्यात बोळा भिजवावा आणि तोंडात सुटणारे पाणी थुंकावे.

लहान मुलांची गोष्ट तर वेगळीच. एक-दोन चमचे तेल पोटात गेल्याने लहानग्यांना झटके येऊन बेशुद्धी आल्याचे आणि यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. दात येताना बाळाच्या हिरडीला हे तेल चोळायचे नाही, कोणी कितीही सांगो.

आता अमृतधारेचे बघा. ओव्याचे फूल म्हणजे थायमॉल, पुदिन्याचे फूल म्हणजे मेंथॉल, आणि कापूर. तिन्ही कोरडे खडे, पण एका बाटलीत घातले की आपोआप पाणी होते. मुलांना मोठी गंमत वाटते! यातला कापूर सर्वांत घातक. थोडासा गिळला तरी लहान मुलाला काही मिनिटांत झटके येऊ शकतात. मेंथॉल तान्ह्याच्या नाकाशी लावले तर त्याचा श्वास अडकू शकतो. सर्दी असली तरी नको.

मुलाने यातले काही प्यायलेच, तर बोटे घालून उलटी काढू नका. तेल फुप्फुसात जाते. बाटली सोबत घ्या आणि तडक इस्पितळ गाठा. आणि हो, ही तेले खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत कधीच भरू नयेत. गडद काचेची बाटली, घट्ट बूच, वर ठळक चिठ्ठी आणि जागा कुलपातली.