केसातून उलगडणारं आईचं कूळ

गळालेल्या केसाच्या मुळाशी जिवंत पेशी क्वचितच उरतात. केसाच्या दांड्यातल्या पेशी तर कडक होताना आपलं केंद्रकच गमावून बसतात. म्हणून नेहमीच्या डीएनए चाचणीत असा केस सहसा उपयोगी पडत नाही. पण पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचा वेगळा, १६,५६९ अक्षरांचा वर्तुळाकार डीएनए असतो. एकेका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असल्याने काही तरी केसात टिकतात. केस स्वच्छ धुऊन, विरघळवून त्यातला सर्वांत बदलता भाग वाचला जातो.

१९९६ साली टेनेसी राज्यातल्या खुनाच्या खटल्यात हा पुरावा अमेरिकी न्यायालयात पहिल्यांदा उभा राहिला. त्याआधी केस सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून 'जुळतात' असं तज्ज्ञ सांगत. वॉशिंग्टनमधल्या १९७८च्या खुनात अशाच साक्षीच्या आधारे एका तरुणाला शिक्षा झाली. २०१२ मध्ये त्याच खटल्यातले १३ केस या डीएनए चाचणीने तपासले, तेव्हा एकही त्याचा निघाला नाही. एक तर कुत्र्याचा होता. तोवर त्याने २८ वर्षं कैदेत काढली होती.

'हा केस याचा नाही' असं ही चाचणी ठामपणे सांगू शकते. 'याचाच आहे' असं मात्र सांगू शकत नाही.

कारण हा डीएनए फक्त आईकडून येतो. सख्खी भावंडं, मामा, मावशी, मावसभावंडं, आईची आई, सगळ्यांचा तो सहसा सारखाच. म्हणून जुळणी झाली तरी इतर पुराव्यांची साथ लागतेच.

ही साथ काय करू शकते, ते गोव्यात दिसलं. जॉर्जियाची राणी केतेवान हिने धर्मांतराला नकार दिला, म्हणून १६२४ साली शाह अब्बासच्या हुकमाने शिराझमध्ये तिला ठार मारण्यात आलं. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिचे काही अवशेष गोव्यातल्या आपल्या मठात आणले. पुढे मठ ढासळला आणि जागा विस्मृतीत गेली. अवशेष मठातल्या एका खिडकीपाशी ठेवल्याची नोंद जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत होती. त्या नोंदीचा माग काढत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या भग्नावशेषांत खणलं, तेव्हा हाताचं हाड मिळालं.

हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने त्या हाडातला मायटोकॉन्ड्रियल डीएनए वाचला. तो 'यू१बी' गटाचा निघाला. तपासलेल्या २२ हजारांहून अधिक भारतीयांत हा गट सापडला नाही. ३० जॉर्जियन नमुन्यांपैकी दोन नमुन्यांत सापडला. ही व्यक्ती केतेवानच, हे डीएनए एकटा सांगू शकला नसता. त्याने मातृकुळाची दिशा दाखवली, ठिकाण आणि नाव कागदपत्रांनी पुरवलं. हे धागे जुळल्यावर जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी अवशेषांचा एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला.