आईची साखर, आजीचा घास (लेखांक ५)

स्थलांतरित घरांतील मुलांच्या लठ्ठपणाचा हिशेब बहुधा खाऊच्या डब्यापासून मांडला जातो. तो आईच्या गरोदरपणापासून मांडायला हवा. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डइतक्या बारकाईने हे फार थोड्या ठिकाणी तपासले गेले आहे. लोकरीच्या गिरण्यांच्या या शहरात १९५० आणि १९६० च्या दशकांत रात्रपाळ्यांना माणसे कमी पडू लागली, तेव्हा पाकव्याप्त काश्मीरमधील मीरपूर भागातून पुरुष आले. मंगला धरणाने तिकडची लाखभर माणसे उठवली आणि ओघ वाढला. मागाहून बायकामुले आली. पुढे गिरण्या बंद पडल्या, कुटुंबे मात्र तिथेच राहिली.

‘बॉर्न इन ब्रॅडफर्ड’ या प्रकल्पात २००७ ते २०१० दरम्यान सुमारे साडेबारा हजार गरोदर स्त्रियांची नोंद झाली. त्यांत पाकिस्तानी वंशाच्या स्त्रिया निम्म्याच्या आसपास होत्या. २६ ते २८ व्या आठवड्यात ग्लुकोज पाजून साखर तपासण्याची सोय तिथे सर्वांसाठी होती, त्यामुळे तुलना विश्वासार्ह ठरली. गरोदरपणातील मधुमेह पाकिस्तानी वंशाच्या स्त्रियांत गोऱ्या ब्रिटिश स्त्रियांपेक्षा बराच अधिक आढळला. आईच्या रक्तातील साखर वारेतून बाळापर्यंत पोहोचते, तिचे इन्सुलिन पोहोचत नाही. बाळाचे स्वादुपिंड मग स्वतःच जादा इन्सुलिन बनवते आणि चरबी साठू लागते.

तरीही पाकिस्तानी वंशाची ही बाळे गुटगुटीत जन्मत नाहीत. गोऱ्या बाळांपेक्षा ती सरासरी २०० ग्रॅमहून अधिक हलकी भरली. चरबीचे प्रमाण मात्र वजनाच्या मानाने जास्त निघाले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाला पुण्याजवळच्या सहा खेड्यांत हेच दिसले होते. तिथली सुमारे २.७ किलोची बाळे इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या ३.५ किलोच्या बाळांशेजारी काटकुळी वाटत, पण त्यांचे स्नायू कमी आणि चरबी टिकून होती. त्यामुळे उंची-वजनाच्या गुणोत्तरावर विसंबणारी शाळेतील तपासणी दक्षिण आशियाई मुलांची चरबी कमीच दाखवते.

जन्मानंतर घराची सत्ता सुरू होते. इथे सून आणि सासू यांची बाजू सारखी नसते. जिथे जुलाब-तापाने मुले दगावत, तिथे अंगावर थोडे मांस असणे हीच बाळाची शिदोरी होती. आजीने ती समजूत सोबत आणली आणि नातवाच्या हातावर मिठाई ठेवणे हा तिच्या मायेचा हक्क ठरला. आरोग्यसेविका सल्ला देते आईला, घास भरवते आजी. आईला सगळे कळत असूनही वडीलधाऱ्यांचा हात अडवणे तिला जमत नाही. अशा घरात केवळ आईला शिकवून भागत नाही, हे उघडच आहे; तरी बरीच पत्रके तिच्यापुरतीच लिहिलेली असतात. या मातांच्या बाजूने दोन गोष्टी सांगायला हव्यात. गरोदरपणात त्या सहसा धूम्रपान करत नाहीत आणि अंगावर पाजायला सुरुवात करण्यात गोऱ्या मातांच्या मागे नसतात.

उरलेले काम शहर करते. गरीब वस्तीत तळलेल्या कोंबडीची दुकाने हाकेच्या अंतरावर, घरे एकाला एक चिकटलेली, अंगण नावापुरते. शाळा सुटल्यावर या घरांतील बहुतेक मुले कुराण शिकायला मदरशात जातात. हिवाळ्यात ती परत येईतो अंधार पडलेला असतो आणि खेळ राहून जातो. म्हणून ब्रॅडफर्डमधील लठ्ठपणाविरोधी कामात मशिदी आणि मदरसेही सामील करून घेतले गेले. शाळेच्या वेळेबाहेर ही मुले एका ठिकाणी तिथेच भेटतात, आणि तिथल्या शिक्षकाचा शब्द आजीही सहसा मोडत नाही.