निदान आणि विक्रय : पशुवैद्यकाच्या दुहेरी भूमिकेचा विचार
(पारोळा व खानदेशाच्या संदर्भात)

रोगाचे निदान करणारा व औषध विकणारा या दोन भूमिका एकाच व्यक्तीकडे आल्या म्हणजे सल्ल्याचा निःपक्षपातीपणा कितपत टिकतो, हा वैद्यकातील जुना प्रश्न आहे. पशुवैद्यकात तो अधिक बिकट होतो. येथे रुग्ण मुका असतो, आणि त्याचा मालक उपचाराचा खर्च जनावराच्या किमतीशी ताडून पाहत असतो. पारोळ्यासारख्या कापसाच्या तालुक्यात ऐन पेरणीत बैल आजारी पडला, तर ढेप, कडबा आणि औषध हे तिन्ही खर्च एकाच तुटपुंज्या मिळकतीतून भागवावे लागतात.

या बाबतीत कायद्याची भूमिका मध्यममार्गी आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांत वैद्यक-व्यावसायिकाच्या व्याख्येत पात्र पशुवैद्यकाचाही समावेश होतो. त्याला स्वतःच्या रुग्णासाठी विक्रीच्या परवान्यावाचून औषध देता येते. मात्र उघडे दुकान चालविण्यास किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यास औषध विकण्यास ही सवलत लागू नाही. सवलतीमागील हेतू उघड आहे. खेड्यात गाय अडली असता औषधासाठी तालुक्याच्या गावी धाव घेणे शक्य नसते. म्हणजेच ही सोय अंतराच्या अडचणीवरील उपाय आहे. नफ्याचे साधन म्हणून ती दिलेली नाही.

परदेशांतील अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक आहे. डेन्मार्कने १९९५ च्या सुमारास पशुवैद्यकांच्या औषधविक्रीवरील नफ्यास मर्यादा घातली, आणि त्यानंतर तेथील प्रतिजैविकांचा वापर लक्षणीय प्रमाणात घटला. ब्रिटनमध्ये २००३ च्या चौकशीनंतर २००५ मध्ये असा दंडक झाला की, मालकाने मागितल्यास पशुवैद्यकाने चिठ्ठी लिहून द्यावी, म्हणजे औषध अन्यत्र घेता येईल. पहिल्या देशाने नफा आवरला, तर दुसऱ्याने मालकास निवड दिली.

खानदेशापुरते बोलावयाचे तर २०२२ चे उदाहरण बोलके आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये लम्पी चर्मरोगाचा राज्यातील पहिला प्रादुर्भाव जळगाव जिल्ह्यातीलच रावेर तालुक्यात, चिनावल येथे आढळला. रोग विषाणुजन्य असल्याने प्रतिजैविक त्याचा विषाणू मारू शकत नाही. दुय्यम संसर्ग झाल्यासच त्याचा उपयोग. शेळ्यांच्या देवीची लस शासनाने विनामूल्य टोचली. अशा वेळी मालकाला खरी गरज असते ती कोणते औषध लागत नाही हे सांगणाऱ्याची. आणि ज्याचे उत्पन्न विक्रीवर अवलंबून आहे, त्याला हेच सांगणे सर्वांत जड जाते.

तथापि स्वस्त औषध म्हणजे काटकसर, हे समीकरणही फसवे आहे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक स्वस्त म्हणूनच गुरांत रूढ झाले. ते दिलेल्या मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांचा संहार होतो, हे २००४ मध्ये सिद्ध झाले, व २००६ मध्ये पशूंसाठी त्याच्या उत्पादनावर बंदी आली. पुढे माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांकडे वळू लागल्याने २०१५ मध्ये त्या तीन मिलिलिटरपुरत्या मर्यादित कराव्या लागल्या. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध होता. मालकाने वाचविलेल्या पैशांची किंमत येथे निसर्गाने मोजली.

यावरून काटकसरीचे खरे मार्ग सूचित होतात. चिठ्ठीवर व्यापारी नावाऐवजी औषधाचे मूळ नाव असावे. मात्रा अंदाजाने न देता वजनावरून द्यावी; छातीच्या घेराचा वर्ग गुणिले लांबी, दोन्ही इंचांत, भागिले ६६०, या सूत्राने वजन अदमासे किलोग्रॅममध्ये मिळते. घेर ६० व लांबी ५० इंच असलेल्या गाईचे वजन सुमारे २७३ किलो भरते. कडब्याची कुट्टी केल्यास नासाडी टळते. मूळ नावाची औषधे रास्त दरात मिळावीत म्हणून ‘पशु औषधी’ योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये मान्यता दिली, व तीसाठी ७५ कोटी रुपयांची तरतूद केली.

तात्पर्य, दोन भूमिकांची पूर्ण फारकत खेड्यात नेहमीच साधेल असे नाही. परंतु पशुवैद्यकास त्याच्या ज्ञानाचे मोल तपासणीच्या शुल्करूपाने मिळू लागले, तर ते औषधाच्या किमतीतून वसूल करण्याचे कारण उरणार नाही. मालक तपासणीचे पैसे देण्यास कचरतो आणि बाटलीचे मात्र निमूटपणे देतो, तोवर त्याला सल्लाही बाटलीच्याच रूपाने मिळत राहील.