पिट टेबलवर ठरलेल्या शर्यती

एक-दशांश मापाच्या, रिमोट कंट्रोलच्या नायट्रो टुरिंग गाड्यांच्या वरच्या बॉड्या काढून आज त्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर कोणती कोणत्या कंपनीची हे सांगायला जाणकारालाही वाकून बघावं लागतं. सगळ्यांच्या तळाला ॲल्युमिनियमची प्लेट, चारही चाकांना ताकद नेणारे दातेरी बेल्ट, दोन गिअर, 75 सीसीची टाकी आणि 2.11 सीसीचं इंजिन. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी असं नव्हतं. साधारण 1998 ते 2010 या काळात कॅलिफोर्निया, नेदरलँड्स, जपान आणि शेवटी स्लोव्हाकिया इथल्या कंपन्यांनी एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं देऊन पाहिली. गाडी पळाली पाहिजे, अर्ध्या तासाच्या फायनलमध्ये टिकली पाहिजे आणि बिघडली तर दोन हीटच्या मधल्या वेळात उभी राहिली पाहिजे, हा तो प्रश्न. त्या बारा वर्षांचा हिशेब मांडताना मी वेगाला दुसरं स्थान देतो. पहिलं स्थान देखभालीचं आहे, आणि ते का हे इंजिनापासून सांगायला हवं.

हे इंजिन पेट्रोलवर चालत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण हे त्याचं इंधन. ठिणगीही लागत नाही. ग्लो प्लगमधल्या प्लॅटिनमच्या बारीक तारेवर मिथेनॉलची रासायनिक क्रिया होते आणि एकदा सुरू झालेलं इंजिन स्वतःच्याच उष्णतेवर तार तापवत राहतं. पिस्टनला रिंग नसते. पितळी स्लीव्हवर क्रोमचा मुलामा असतो आणि ती वरच्या टोकाला किंचित निमुळती घडवलेली असते. थंड इंजिन हाताने फिरवलं की पिस्टन तिथे अडकल्यासारखा होतो. गरम झाल्यावर स्लीव्ह पसरते आणि दोघांमध्ये नेमकी फट उरते. ही पकड गेली की इंजिन संपलं. मिनिटाला तीस-पस्तीस हजार फेरे घेणाऱ्या या यंत्राला वंगण मिळतं ते फक्त इंधनातल्या तेलाचं. म्हणून कार्ब्युरेटरची निडल थोडी जास्त आवळून मिश्रण लीन, म्हणजे कमी इंधनाचं, केलं की गाडी दोन-तीन फेऱ्या झकास पळते आणि मग तापून बंद पडते. सरळ रस्त्यावर धुराची बारीक रेघ सोडत जाणारी गाडी, थोडी रिच, म्हणजे जास्त इंधन घेणारी, असली तरी, शेवटपर्यंत पोहोचते.

अशा इंजिनाभोवती गाडी कशी बांधायची? सामान्य माणसाला परवडणारं उत्तर एचपीआयने दिलं. तात्सुरो वातानाबे यांनी 1986 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या या कंपनीची नायट्रो आरएस-4 ही असंख्य लोकांची पहिली गाडी. दोरी ओढून सुरू करायची सोय, भरपूर प्लास्टिक, स्वस्त सुटे भाग. कठड्यावर आपटली तर पुढची आर्म तुटायची, पण ती कुठल्याही दुकानात मिळायची. मोठ्या शर्यतींत ती मागे पडली हे खरंच. चेसिस लवचीक होती आणि सेटिंग एका दिवसापुरतंही स्थिर राहत नसे. तरीही या छंदात माणसं आणण्याचं काम जेवढं आरएस-4 ने केलं तेवढं महागड्या गाड्यांपैकी एकीनेही केलं नाही.

दुसऱ्या टोकाला होती नेदरलँड्समधल्या हेमस्टेडे गावची सर्पंट. पीटर बेर्फूट्स यांच्या या कंपनीचा पाया मोठ्या, एक-अष्टमांश मापाच्या शर्यतींचा. तिथलं ज्ञान तिने इम्पल्स आणि इम्पॅक्ट या गाड्यांत आणि पुढे 705, 710, 720 अशा मालिकेत उतरवलं. त्यात सर्वांत मोलाचा होता सेंटॅक्स क्लच.

जुन्या पद्धतीच्या क्लचमध्ये दोन शू असतात. फ्लायव्हील फिरलं की ते बाहेर फेकले जातात आणि क्लच बेलच्या आतल्या भिंतीला घासतात. पकड केव्हा येणार हे स्प्रिंगच्या मर्जीवर. सेंटॅक्समध्ये वजनाचे तुकडे बाहेर सरकतात, उतारासारख्या पृष्ठभागावर चढतात आणि शूला अक्षाच्या दिशेने, म्हणजे समोर, बेलच्या आत ढकलतात. त्यामुळे ताकदीचं नियंत्रण दोन जागी मिळतं. स्प्रिंगवरचं नट आवळलं की क्लच उशिरा, वरच्या आरपीएमला लागतो. शू आणि बेल यांच्यातली फट पातळ शिम घालून कमी-जास्त केली की तो किती झटक्याने धरतो ते बदलतं. ही फट मिलिमीटरच्या काही दशांशांत मोजायची. एक-दशांशाचं शिम काढलं तर वळणातून बाहेर पडताना गाडीचा स्वभाव बदललेला लगेच कळतो. हे काम करायला शांत डोकं आणि चांगला कॅलिपर, दोन्ही लागतं. म्हणूनच सर्पंट ही जुळवायला बसणाऱ्याची गाडी होती. थ्रस्ट बेअरिंग वेळेवर साफ केलं नाही तर क्लच घसरायचा आणि दोष मात्र इंजिनावर जायचा.

अमेरिकेतल्या असोसिएटेडने तिसरी वाट धरली. त्यांच्या टीसी-3 या विजेवरच्या गाडीने बेल्टऐवजी शाफ्ट वापरून नाव कमावलं होतं, तीच कल्पना एनटीसी-3 मध्ये नायट्रोवर आणली. शाफ्टच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच होतं. बेल्टच्या पुलीत खडा अडकला की दात उडतात, शाफ्टला ती भीती नाही. बेल्टचा ताण तपासत बसावं लागत नाही. घर्षण कमी, गॅस दिल्याबरोबर प्रतिसाद. पण लांबीच्या दिशेने फिरणारा शाफ्ट वेग घेताना आणि सोडताना गाडीला एका कुशीवर कलवतो. विजेच्या पाच मिनिटांच्या शर्यतीत ते खपून जातं. फोमच्या टायरवर, भरपूर पकड असलेल्या ट्रॅकवर आणि अर्ध्या तासाच्या फायनलमध्ये तेवढंही चालत नाही. बेल्ट झटका गिळतो, गिअर गिळत नाहीत. पुढे स्पर्धेच्या वरच्या फळीतून शाफ्ट निघूनच गेला. मला त्याचं वाईट वाटतं, कारण नवशिक्याच्या देखभालीचा विचार केला तर ती कल्पना उत्तम होती आणि तिच्यावर आणखी काम व्हायला हवं होतं.

जपानी कंपन्यांची चुरस या सगळ्याच्या मधोमध चालली होती. 1963 पासूनच्या क्योशोने व्ही-वन मालिका आणली आणि एस, आर, आरआर, आरआरआर अशी ती पायरी पायरीने धारदार करत नेली. मुगेन सेइकीने एमटीएक्स काढली. होंडाच्या शर्यतींशी जोडलेली मुगेन वेगळी, ही वेगळी. व्ही-वन वळणात फार चपळ वाटायची, हलक्या हाताच्या चालकाला ती उचलून धरायची. एमटीएक्स-3 आणि विशेषतः एमटीएक्स-4 मात्र राकट होत्या. आर्म जाड, प्लास्टिक चिवट, जुळणी सरळ. सकाळी केलेलं सेटिंग संध्याकाळीही तेच असायचं. या काळातली एकच गाडी क्लबमध्ये धावणाऱ्या, पदरमोड करून छंद जपणाऱ्या माणसाला सुचवायची झाली तर मी एमटीएक्स-4 चं नाव घेईन. सर्पंट 710 चांगल्या दिवशी तिच्यापुढे जायची, पण सगळेच दिवस चांगले नसतात.

फायनलमध्ये काय होतं ते पाहिलं की हे पटतं. टाकी 75 सीसीची, ती साडेचार-पाच मिनिटांत रिकामी होते. म्हणजे अर्ध्या तासात पाच-सहा वेळा पिटमध्ये यायचं. मेकॅनिक गाडी उचलतो, बाटलीच्या तोंडाने टाकीचं झाकण उघडतो, दाबतो, सोडतो. दोन-तीन सेकंदांत गाडी परत ट्रॅकवर. टाकीतलं इंधन पुढे ढकलायला सायलेन्सरमधून आलेल्या नळीचा दाब असतो. त्या नळीला सुईएवढं भोक पडलं की गाडी लीन होऊ लागते आणि चालक निडलशी झगडत बसतो. दुसरीकडे फोमचे टायर झिजत असतात. सुरुवातीला साठेक मिलिमीटर व्यासाचे, लेथवर अगदी मापात उतरवलेले टायर शेवटी बरेच लहान झालेले असतात. व्यास घटला की गिअरिंग बदलतं, गाडी खाली बसते. पुढचे आणि मागचे सारख्या प्रमाणात झिजले नाहीत तर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि बेल्टवर ताण येतो. ज्या गाडीची टू-स्पीड गिअरबॉक्सची शिफ्ट एका ग्रब स्क्रूने बाहेरूनच मागेपुढे करता येते, जिचा मधला बेल्ट इंजिन न काढता बदलता येतो, तिच्या मालकाला हीटच्या मधल्या वेळात जेवायलाही सवड मिळते.

2007-08 च्या सुमारास स्लोव्हाकियातल्या त्रेन्चीनहून एक्सरेची एनटी-1 आली. युराय हुडी यांची ही कंपनी शर्यतीची हत्यारं आणि सेटअपची उपकरणं बनवण्यात आधीच नावाजलेली होती, आणि गाडीत ते दिसत होतं. भाग इतके मापात बसायचे की फाइल मारायची गरज नाही. क्लच अक्षीयच, एक्ससीए या नावाने. सर्पंटची बारीक जुळवणी आणि मुगेनचा टणकपणा एका चेसिसवर आणण्यात एनटी-1 ला बरंच यश आलं. तिच्यानंतर एकमेकांच्या गाड्यांत फरक शोधणं अवघड होत गेलं. क्योशोची व्ही-वन आर-4, सर्पंटची 747, पुढच्या एमटीएक्स, नंतर आलेली इन्फिनिटीची आयएफ-15, या सगळ्या उत्तम गाड्या आहेत. प्रयोगांचा काळ मात्र तिथे संपला.

त्याच सुमारास विजेवरच्या गाड्यांना ब्रशलेस मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी मिळाली. धूर नाही, आवाज नाही, तेलकट हात नाहीत, वेग तेवढाच. क्लबमधले नवे चेहरे तिकडे गेले. युरोपीय संघात तर 2021 पासून सर्वसामान्य ग्राहकाला 16 टक्क्यांहून जास्त नायट्रोमिथेन असलेलं मिश्रण विना-परवाना विकता येत नाही, कारण स्फोटकांच्या कच्च्या मालावरचे नियम कडक झाले. शर्यती थांबल्या नाहीत, माणसं कमी झाली.

ज्यांच्या माळ्यावर यातली एखादी गाडी पडून आहे, किंवा परदेशातून परतताना कुणी बॅगेतून आणलेली आहे, त्यांना एवढंच सांगायचं आहे. इंजिन जाम असेल तर जोर लावून फिरवू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो. हेअर ड्रायरने हेड गरम करा, आत पातळ तेलाचे थेंब सोडा, मग फ्लायव्हील हळू फिरवा. राहिलेल्या मिथेनॉलने ओलावा ओढून मागची बेअरिंग गंजवलेली असणार, ती बदलाच. इंधनाच्या नळ्या कडक झालेल्या असतील, त्या फेकून द्या. इंधन घरी मिसळायच्या भानगडीत पडू नका. मिथेनॉल विषारी आहे, कातडीतूनही अंगात जातं आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. तयार बाटली मिळाली तरच इंजिन चालवा आणि दिवस संपताना टाकी रिकामी करून, इंजिनात उरलेलं इंधन ते चालवूनच संपवून, कार्ब्युरेटरमध्ये आफ्टर-रन तेल सोडायला विसरू नका. बेअरिंग आणि बेल्ट मापावर आजही मिळतात. क्लचचे शू आणि टू-स्पीडचे गिअर मात्र जुन्या मॉडेलचे दिसले की लगेच घेऊन ठेवा, ते पुन्हा बनणार नाहीत.